पुण्यात जेवायचं कुठं?

"आई, मेसचं जेवण मस्त आहे गं. काळजी करू नकोस."

जुलैपासून दिवाळीपर्यंत रोज रात्री साडेआठच्या फोनवर हे एकच वाक्य ऐकत होते. मी 'काय भाजी होती?' विचारलं की लेक म्हणायची, 'बटाटा.' दुसऱ्या दिवशी पुन्हा बटाटा. मला वाटायचं, मेसवाल्याला स्वस्त पडत असेल. दिवाळीला पोरगी घरी आली, अभ्यंगस्नानाला बसवली आणि पाठीला तेल लावताना माझा हात थांबला. मणके मोजता येत होते. भाऊबीजेला हातात घातलेल्या बांगड्या ओवाळताना निसटून ताम्हणात पडल्या. सगळे हसले. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९! बाईमाणसाचं किमान १२ तरी असावं लागतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी सांगायला नको. आपल्यातल्या निम्म्याजणी त्या आकड्याच्या खालीच वावरत असतो. पण अठरा वर्षांच्या, नुकत्याच शिकायला बाहेर पडलेल्या मुलीचा हा आकडा बघून माझ्या पायाखालची जमीन सरकली.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं गाठ सुटली. मेस सप्टेंबरातच बंद पडली होती. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन मालकाने जागा सोडली, फोन बंद. आणि पोरीने घरी सांगितलं नाही, कारण ते पैसे तिच्या बाबांनी सोयाबीन विकून भरले होते. "बाबांना पुन्हा कुठं मागू?" एवढंच म्हणाली. मग काय खात होतीस? सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री खोलीवर किटलीत पाणी उकळून त्यात शेवया. आणि फोनवर 'बटाटा' म्हणायची ते काही अगदीच खोटं नव्हतं. वड्यात बटाटाच असतो की!

यांना सांगितलं तर म्हणाले, "परत आण तिला. इथल्या कॉलेजला घालू." आमच्या बार्शीत कॉलेजं आहेत, चांगली आहेत. पण तिला जे शिकायचं आहे ते पुण्यालाच आहे. मी म्हटलं, "मला आठ दिवस द्या. मी तिच्याबरोबर जाते, पोटाची सोय लावून येते. नाही लागली, तर घेऊन येते." ही पैज म्हणा, नाहीतर जबाबदारी म्हणा. शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि अळिवाचे लाडू पिशवीत भरून आम्ही दोघी एसटीत बसलो आणि पाच-सहा तासांनी स्वारगेटला उतरलो.

आमच्या घरात अंडंही येत नाही. भगवंताचं मंदिर घराजवळ, एकादशी मोडत नाही. त्यामुळे पुण्यात नुसतं स्वस्त शोधून भागणार नव्हतं. शाकाहारी हवं, रोज खाता येईल असं हवं आणि एकट्या मुलीला निर्धास्त बसता येईल असं हवं. हे तिसरं कलम मी सुरुवातीला धरलंच नव्हतं. ते कसं आलं ते सांगते.

पहिल्या दिवशी लेक मला फर्ग्युसन रस्त्याला घेऊन गेली. समोर १८८५ सालचं फर्ग्युसन कॉलेज आणि रस्त्याच्या कडेला खाण्याचीच रांग. वैशाली, रूपाली, वाडेश्वर ही नावं आपण नातेवाइकांकडून ऐकलेली असतात. 'वैशालीत गेलो होतो' हे पुण्याची माणसं 'देवळात जाऊन आलो' अशा सुरात सांगतात! वैशालीला पूर्वी मद्रास हेल्थ होम म्हणत. कर्नाटकातून आलेल्या जगन्नाथ शेट्टींनी ते नावारूपाला आणलं. २०२३ साली ते गेले, तेव्हा परगावच्या माणसांनीही हळहळ व्यक्त केली. तिथं कॉलेजात असताना बसलेली माणसं आज नातवंडांना घेऊन येतात.

आम्ही संध्याकाळी गेलो ती चूक झाली. दारात हीऽऽ गर्दी. मग दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो, तर आरामात जागा मिळाली, मागच्या मोकळ्या बाजूला. इडली-सांबार, डोसा हे आपल्याकडेही मिळतं, पण तिथलं सांबार मला आवडलं. लेकीने एसपीडीपी मागवली. मला वाटलं एखादी परीक्षाच आहे! शेव, पोटॅटो, दही, पुरी. म्हणजे आपली दहीपुरीच, पण शेव अशी काही पेरलेली की पुरी दिसू नये. वर फिल्टर कॉफी. बिल बघून मी मनात हिशेब केला: हे रोजचं नाही. रोजचं नाहीच ते, महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबर बसायचं ठिकाण आहे. मुलींनी तेवढं जरूर करावं. सगळी काटकसर पोटाला चिमटा काढूनच करायची, हे आपण त्यांना नकळत शिकवलेलं असतं.

डेक्कनला गुडलकमध्ये मात्र मी दारातच अडखळले. इराणी हॉटेल, आत अंडी-खिमा सगळं चालतं. लेक म्हणाली, "आई, बनमस्का बनमस्काच असतो गं. कोण तुला खिमा खा म्हणतंय?" मी चहा घेतला, बनमस्का खाल्ला. चांगला होता. घरी सांगितलेलं नाही, आता हे वाचून कळेल.

मिसळीचं पुण्यात मोठं प्रस्थ. आपल्याकडच्या झणझणीत रश्श्याची सवय असेल तर नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ पहिल्या घासाला गोडसर लागते. आणि सोबत पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस! मी लेकीकडे बघितलं, लेक म्हणाली, "खा तर." तिसऱ्या घासाला मला ती पटली. तुळशीबागेत खरेदीला गेलात तर श्रीकृष्ण भुवन गाठा, पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बायका तिथं कायम दिसतात. तिखटच हवं असेल तर कर्वे रस्त्याच्या बाजूला काटाकिर्र आहे, तिखटाचा अंदाज मात्र आधी सांगा. मिसळीबद्दल एक सांगते. वडापावपेक्षा ती शंभर पटीने बरी. त्यात मोड आलेली मटकी असते, वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि त्यावर लगेच चहा घेऊ नका. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषून घेऊ देत नाही, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. पुण्यात हा नियम पाळणं फार अवघड. दर वळणावर अमृततुल्य, आणि त्या वेलची-आल्याच्या उकळत्या चहाचा वास रस्त्यापर्यंत येतो.

पण हे सगळं नाश्त्याचं झालं. माझा खरा प्रश्न पोळी-भाजीचा होता.

तिसऱ्या दिवशी लेकीचं प्रॅक्टिकल होतं, साडेचारपर्यंत. मला म्हणाली, "टिळक रस्त्याला बादशाही आहे, तिथं जेव. मी नंतर येते." म्हटलं, "एकटी?" ती म्हणाली, "मग काय झालं?"

काय झालं ते तिला कसं सांगू? आमच्या गावात बाई एकटी हॉटेलात बसत नाही. माझ्या लहानपणी हॉटेलात 'फॅमिली रूम' असायची, तिला मळका पडदा. बाबांबरोबर गेलो की आई त्या पडद्याआड, पाठ दाराकडे करून, पदर सावरत भजी खायची. लग्नानंतर मीही तेच केलं. बावीस वर्षांच्या संसारात मी कितीतरी वेळा एकटी कापड दुकानात गेले, बँकेत गेले, दवाखान्यात गेले. पण एकटीने हॉटेलात बसून जेवले असं एकदाही नाही. भूक लागली तर केळी घ्यायची आणि एसटी स्टँडवर भिंतीकडे तोंड करून खायची.

मी बादशाहीच्या पायरीशी दहा मिनिटं उभी होते. पर्समध्ये काहीतरी शोधतेय असं दाखवत. ही खाणावळ नव्वदी ओलांडलेली. नाव बादशाही, पण थाट काही नाही. नाव लिहून द्यायचं, पुकारा झाला की जागा मिळेल तिथं बसायचं. म्हणजे अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर! माझ्यासमोर दोन स्पर्धा परीक्षेवाली पोरं, शेजारी एक वयस्कर गृहस्थ. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरं चालू घडामोडींवर बोलत होती, आजोबा ताटाकडे लक्ष देऊन जेवत होते. ताट आलं. पोळ्या, दोन भाज्या, कोशिंबीर, आमटी, भात. अगदी घरचं. वाढपी येऊन विचारायचा, "पोळी?" की गरम पोळी ताटात. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी हात पुढे करून उठायच्या बेतात होते. सवय! जेवताना कुणी पोळी मागितली की आपणच उठायचं असतं ना? आजोबा म्हणाले, "ताई, मीठ इकडं द्या जरा." मी दिलं. तेवढाच आमचा संवाद. मी पोट भरून जेवले, पैसे दिले, बाहेर आले आणि लेकीची वाट बघत दुभाजकाच्या कडेला उगाचच हसत उभी राहिले.

तेव्हा तिसरं कलम सुचलं. मुलगी वडापाव खात होती ते फक्त पैशापायी नव्हे. वडापाव गाडीवर उभ्याउभ्या खाता येतो. हॉटेलात एकटीने बसायची तिलाही लाजच वाटत होती. "मैत्रिणींचे डबे लावलेले, मग मी एकटी कुठं जाऊ?" म्हणाली. मला 'मग काय झालं' म्हणणारी पोरगी! तिला हे कुणी शिकवलं असेल ते मी विचारलं नाही.

पुण्यात परगावच्या विद्यार्थ्याच्या जेवणाचा प्रश्न काही आजचा नाही. पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची, म्हणजे सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. माधुकरी मागून शिकलेली माणसं तर कितीतरी. १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली, म्हणजे आताच्या पुणे विद्यार्थी गृहातली मुलंही माधुकरीवर शिकली. मग खाणावळी आल्या, बोर्डिंग हाऊस आली. सदाशिव पेठेतलं पूना बोर्डिंग हाऊस त्याच परंपरेतलं. तिथलंही जेवण आम्ही घेतलं, साधं आणि चवीचं. दुर्वांकुरची थाळीही टिळक रस्त्यालाच. ती हवी तेवढी वाढतात, पण ती आई-बाबा भेटायला आल्यावर खायची. रोज तेवढं जेवलं तर दुपारचं लेक्चर झोपेत जाईल.

आता मेस. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत आणि कॉलेजांच्या आसपास गल्लोगल्ली मेस आहेत. कॉट बेसिसवर राहणारी हजारो मुलं त्यांच्यावरच जगतात. आम्ही दोन दिवसांत नऊ मेस पालथ्या घातल्या. मी सरळ आत जाऊन पिठाचा डबा उघडून बघायची, लेक लाजून बाहेर थांबायची. एका ठिकाणी भाजीत तेलाचा तवंग बोटभर, एका ठिकाणी पोळ्या सकाळच्याच रात्री. एका मेसवाल्याने स्वयंपाकघर दाखवायला नकार दिला, मी जिन्यावरूनच परत फिरले.

तुमची मुलगी किंवा मुलगा पुण्याला जाणार असेल, तर माझ्या अनुभवातून एवढं विचारून घ्या. 'खाडा धरता का?' म्हणजे मूल गावी गेलं तर त्या दिवसांचे पैसे पुढे वळते होतात का. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस गैरहजर असलं तरच खाडा धरतात. रविवारी बहुतेक मेसमध्ये दुपारी फीस्ट असते, गोडधोड, पुलाव वगैरे, आणि संध्याकाळी सुट्टी. त्या रविवार रात्रीचं काय, हे आधीच ठरवा. आमचं लेकरू रविवार रात्री उपाशी झोपायचं, कारण एकटीसाठी कोण बाहेर पडणार! उपवासाला काय देतात? एकादशीला नुसती साबुदाण्याची खिचडी देऊन बोळवण करतात की भगर-आमटी असते? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका महिन्यापेक्षा जास्त पैसे आगाऊ भरू नका. पावती मागा. काही मेसमध्ये ताटांचं कार्ड मिळतं, जेवलं की एक खूण. ते सगळ्यांत बरं, मेस बुडाली तरी थोडक्यात निभावतं.

शेवटी आम्हाला जे सापडलं ते मेसही नव्हतं आणि हॉटेलही नव्हतं. लेकीच्या खोलीपासून सात मिनिटांवर एक पोळी-भाजी केंद्र. दहा बाय बाराची जागा, आत दोघीजणी सटासट पोळ्या लाटताहेत, तिसरी भाजतेय, मालकीणबाई काउंटरवर. पुण्यात अशी केंद्रं भागाभागात आहेत. नोकरी करणाऱ्या बायका येताजाता पोळ्या मोजून घेतात, भाजी वजनावर घेतात. संध्याकाळी सहाला तिथं रांग. मी रांगेत उभी राहून बघत होते. एका बाईने चार पोळ्या घेतल्या, एकीने चौदा, एका आजींनी दोन भाकऱ्या आणि पिठलं.

मालकीणबाईंशी बोलले. त्यांनीही मुलं लहान असताना नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर घरच्या ओट्यावर पोळ्या लाटायला सुरुवात केलेली. मी सगळी हकिगत सांगितली, हिमोग्लोबिनचा आकडासुद्धा. त्यांनी लेकीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पालेभाजी खातेस का?" लेक म्हणाली, "नाही आवडत." बाई म्हणाल्या, "तुला विचारलं नाही आवडते का. खातेस का?" मला त्या तिथंच आवडल्या!

ठरलं ते असं. रात्री तीन पोळ्या किंवा दोन भाकऱ्या, एक पालेभाजी किंवा उसळ, केंद्रातून. रोजचे पैसे रोज, आगाऊ काही नाही. दुपारी कॉलेजजवळच्या मेसचं कार्ड, तीस ताटांचं. रविवार रात्री बादशाही किंवा जे उघडं असेल ते, पण बसून जेवायचं. सकाळी अळिवाचा लाडू, मूठभर शेंगदाणे-गूळ. हिशेब केला तर बुडालेल्या मेसपेक्षा महिन्याला सहाशे रुपये जास्त लागत होते. यांना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "माझी तंबाखू बंद केली तर तेवढे निघतात." निघाले की नाही ते जाऊ द्या, त्यांनी एक पुडी कमी केली एवढं खरं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लेक मला सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी प्यायला घेऊन गेली. दुधाचा घट्ट आंबा आणि वर आइस्क्रीमचा गोळा. चमच्याने खायची की प्यायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पैसे तिने दिले. कुठून आले विचारलं, तर म्हणाली, "वडापाव खाऊन वाचवलेले." यावर रागवावं की रडावं?

त्यानंतर रोज रात्रीच्या फोनवर मी 'जेवलीस का' विचारत नाही. 'कुणाबरोबर बसलीस?' विचारते. कधी मैत्रिणीचं नाव सांगते, कधी म्हणते, "एकटीच. शेजारी एक काकू होत्या, त्यांनी त्यांच्यातली कोशिंबीर दिली." मार्चमध्ये पुन्हा रक्त तपासलं, ११.२ आलं. अजून बारा नाही. मालकीणबाईंना कळवलं तर म्हणाल्या, "राजगिऱ्याची भाजी वाढवते."

आमच्या भिशीतल्या दोघींच्या मुली यंदा पुण्याला जाताहेत. त्यांच्यासाठी मी वहीच्या पानावर यादी काढून दिली. एकीने विचारलं, "आपण तिघी मिळून एकदा बघून येऊ या का गं?" तारीख ठरायची आहे.

आणि हे? मे महिन्यात लेकीला आणायला गेले, तेव्हा तिने त्यांना बादशाहीत नेलं. घरी आल्यावर मी विचारलं, कसं होतं जेवण? म्हणाले, "आमटीत गूळ घालतात ती माणसं. आमटीत गूळ!" लेक आतून ओरडली, "आई, तीन वाट्या घेतल्या बाबांनी!"